तलवार एकाकडे, तिजोरी दुसऱ्याकडे : होसकोटे ते वडगाव, मुलकी-लष्करी सत्तासंघर्षाची कथा

व्हाइटफील्ड (बंगळुरू) : बंगळुरू मेट्रोच्या जांभळ्या मार्गिकेचे पूर्वेकडील अखेरचे स्थानक असलेल्या व्हाइटफील्डपासून साधारण १२ किलोमीटरवर होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारतींनी गजबजलेला हा परिसर अडीचशे वर्षांपूर्वी एका मोठ्या युद्धाचा रंगमंच होता. ऑगस्ट १७६८ मध्ये मद्रासच्या इंग्रज फौजेची आणि गुत्तीचे मराठे सरदार मुरारराव घोरपडे यांची छावणी होसकोट्याला पडली होती. समोर शत्रू हैदरअली होता. मात्र इंग्रज सेनापती कर्नल जोसेफ स्मिथ यांना एकाच वेळी दुसऱ्याही आघाडीवर झगडावे लागत होते. ती आघाडी त्यांच्याच सरकारने पाठविलेल्या मुलकी प्रतिनिधींची होती.

युद्ध कोणी चालवायचे? ज्याच्या हाती फौज आहे त्याने, की ज्याच्या हाती खजिना आणि तहाचा अधिकार आहे त्याने? ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत हा प्रश्न होसकोट्याच्या माळावर, मावळातील वडगावला आणि मद्रासच्या किल्ल्यात वारंवार उभा राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने एका व्हाइसरॉयचे पदही घेतले. स्वतंत्र भारताने या प्रश्नाचे जे उत्तर स्वीकारले, त्यामागे या दीर्घ अनुभवाची पार्श्वभूमी आहे.

वादाचे मूळ कशात होते?

ईस्ट इंडिया कंपनी मूलतः व्यापारी संस्था होती. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तिच्या तिन्ही इलाख्यांचा कारभार गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलकडे असे. कौन्सिलचे बहुतेक सभासद कारकून म्हणून नोकरीला लागून वरच्या पदांवर पोहोचलेले व्यापारी अधिकारी असत. फौज उभी करणे, तिचा पगार भागविणे, दाणागोटा आणि ओझ्याचे बैल पुरविणे, युद्ध पुकारणे आणि तह करणे हे सर्व अधिकार त्यांच्याकडे होते. सेनापती हा कंपनीचा चाकर होता आणि त्याने कौन्सिलच्या हुकमाप्रमाणे चालावे, अशी अपेक्षा होती.

प्लासीनंतरच्या काळात युद्धांचे स्वरूप बदलले. फौजा किनाऱ्यापासून शेकडो मैल आत जाऊ लागल्या आणि कौन्सिलला पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत रणांगणावरील परिस्थिती पालटू लागली. त्यातच इंग्लंडहून राजाच्या पलटणी येऊ लागल्या. राजाकडून नेमणूक मिळालेल्या अधिकाऱ्यांना कंपनीच्या व्यापाऱ्यांचे हुकूम मानणे कमीपणाचे वाटे. उलट, सेनापतीला मोकळीक दिली तर तो खजिना रिकामा करील आणि परस्पर तह करील, अशी कौन्सिलची धास्ती असे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, म्हणूनच हा वाद मिटत नव्हता.

होसकोट्याची छावणी

पहिले इंग्रज-म्हैसूर युद्ध १७६७ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी सप्टेंबरात स्मिथ यांनी चंगामा आणि तिरुवण्णामलै येथे हैदरअली व निजाम यांच्या संयुक्त फौजांना मागे रेटले. फेब्रुवारी १७६८ मध्ये निजामाने इंग्रजांशी तह केला. या यशाने उत्साहित झालेल्या मद्रास कौन्सिलने युद्ध थेट म्हैसूरच्या मुलखात नेण्याचे ठरविले. बंगळुरूचा किल्ला घेणे हे उद्दिष्ट होते.

त्यासाठी कौन्सिलने जी व्यवस्था केली, तीच घातक ठरली. जॉन कॉल आणि जॉर्ज मॅके या कौन्सिलच्या दोन सभासदांना ‘युद्धक्षेत्रातील प्रतिनिधी’ म्हणून फौजेबरोबर धाडण्यात आले. अर्काटचा नवाब महंमद अली हाही सोबत होता. जिंकलेल्या मुलखाचा महसूल आपल्याला मिळावा, ही त्याची इच्छा होती. मोहिमेची दिशा ठरविण्यात प्रतिनिधींचा शब्द चाले. धान्य आणि बैल यांची तरतूद सेनापतीच्या हाती नव्हती. लढाईची जबाबदारी स्मिथ यांची आणि लढाईची साधने मात्र दुसऱ्यांच्या ताब्यात, अशी ही विभागणी होती.

हा मुलूख मराठ्यांना नवा नव्हता. सतराव्या शतकात बंगळुरू, होसकोटे आणि कोलार हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. गुत्तीचे मुरारराव घोरपडे हे कर्नाटकच्या राजकारणात मुरलेले सरदार होते. १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात क्लाइव्हच्या मदतीला त्यांचीच फौज गेली होती. ऑगस्ट १७६८ च्या आरंभी ते आपले घोडदळ व पायदळ घेऊन होसकोट्याला स्मिथ यांना मिळाले. घोडदळाची मोठी उणीव असलेल्या इंग्रज फौजेला हा मोलाचा आधार होता.

हैदरअलीला याची जाणीव होती. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात एका रात्री त्याने नेमक्या मराठ्यांच्या छावणीवर छापा घातला. म्हैसूरचा इतिहास लिहिणारे मार्क विल्क्स यांनी या प्रसंगाचे वर्णन केले आहे. मुराररावांनी आपल्या एकाही स्वाराला घोड्यावर बसू दिले नाही. प्रत्येकाने आपल्या घोड्यापाशी पायउतार उभे राहावे, म्हणजे अंधारात जो घोड्यावर दिसेल तो शत्रूच, असा त्यांचा हुकूम होता. छापा फसला आणि हैदरला नुकसान सोसून मागे फिरावे लागले.

हा पराभव आणि वाढता दबाव पाहून हैदरने तहाची बोलणी लावली. बारामहालाचा प्रदेश आणि १० लाख रुपये देण्याची तयारी त्याने दर्शविली. इंग्रजांच्या दृष्टीने तो सौदा फायद्याचा होता. मात्र मुलकी प्रतिनिधींच्या मागण्या यापेक्षा कितीतरी मोठ्या होत्या आणि बोलणी फिसकटली. दुसरीकडे धान्याअभावी बंगळुरूचा वेढा सुरूच होऊ शकला नाही. सेनापतीला लढाई हवी होती, पण साधने नव्हती. प्रतिनिधींना तहातून सर्व काही हवे होते, पण ते मिळविण्याइतके लष्करी बळ त्यांनी उभे केलेले नव्हते.

नोव्हेंबर १७६८ मध्ये स्मिथ यांना ‘सल्लामसलतीसाठी’ मद्रासला बोलावून घेण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या कर्नल वुड यांना हैदरने होसूर-बागलूरच्या परिसरात चांगलेच हैराण केले. बागलूरला त्यांच्या तोफा आणि सामान गेले. कौन्सिलने मग वुड यांनाही परत बोलाविले. मार्च १७६९ च्या अखेरीस हैदर निवडक घोडदळासह वेगाने दौड करीत थेट मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी येऊन उभा राहिला. पुन्हा मैदानात उतरविलेले स्मिथ त्याच्या पाठलागावर होते. कौन्सिलने मात्र आपल्याच सेनापतीला थांबण्याचा हुकूम दिला आणि एप्रिल १७६९ मध्ये तह केला. परस्परांचे जिंकलेले मुलूख परत करावेत आणि संकटात एकमेकांना मदत करावी, असे त्यात ठरले. सहा महिन्यांपूर्वी हाती येऊ शकणारा बारामहालही गेला आणि १० लाखही गेले.

वडगाव : तीन जणांची समिती

मद्रासचा हा धडा मुंबईपर्यंत पोहोचला नाही, किंवा पोहोचूनही उमगला नाही. दहा वर्षांनी मुंबई कौन्सिलने तीच चूक सह्याद्रीच्या घाटात केली.

येथे वाद दुहेरी होता. मार्च १७७५ मध्ये मुंबईकरांनी रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या सर्वोच्च कौन्सिलने तो अमान्य करून कर्नल अप्टन यांच्यामार्फत मार्च १७७६ मध्ये पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. एकाच कंपनीच्या दोन सरकारांनी एकाच दरबाराशी परस्परविरोधी करार केले होते. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी आणि त्यांच्या कौन्सिलने पुढे रघुनाथरावांना पुण्यात बसविण्याचा घाट पुन्हा घातला. नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे ३,९०० जणांची फौज मुंबईहून निघाली.

या मोहिमेचे नेतृत्व एका सेनापतीकडे नव्हते. ते तीन जणांच्या समितीकडे होते. जॉन कार्नाक आणि टॉमस मॉस्टिन हे त्यातील मुलकी अधिकारी होते, तर कर्नल चार्ल्स एगर्टन हे फौजेचे प्रमुख. मॉस्टिन पुण्यात वकील म्हणून राहिलेले आणि दरबाराची माहिती असलेले गृहस्थ होते. ते वाटेतच आजारी पडून मुंबईला परतले आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारले. एगर्टन यांचीही प्रकृती ढासळली आणि फौजेची सूत्रे लेफ्टनंट कर्नल विल्यम कॉकबर्न यांच्याकडे आली. समितीत निर्णायक आवाज कार्नाक यांचाच उरला.

फौजेची चाल विलक्षण मंद होती. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचे सुमारे ८ मैलांचे अंतर कापायला तिला ११ दिवस लागले, अशी नोंद ग्रँट डफ यांनी केली आहे. या काळात नाना फडणीस, महादजी शिंदे आणि हरिपंत फडके यांना फौजा एकवटण्यास पुरेसा अवधी मिळाला. ४ जानेवारीला कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट ठार झाला. मराठी बखरी आणि लोककथांतून ‘इष्टुर फाकडा’ म्हणून ओळखला जातो तो हाच. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोहोचले, तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून ओस पाडले होते. पुढे चिंचवड आणि गरज पडल्यास पुणेही जाळण्याची त्यांची तयारी असल्याची बातमी होती.

पुणे तळेगावापासून एका दिवसाच्या मजलेवर होते आणि फौजेजवळ काही दिवसांचा शिधाही शिल्लक होता. तरीही समितीने ११ जानेवारीच्या रात्री माघारीचा निर्णय घेतला. जड तोफा तळ्यात टाकल्या, साठे पेटवून दिले आणि फौज अंधारात मागे फिरली. मराठ्यांना त्याची चाहूल लागायला वेळ लागला नाही. वडगावजवळ इंग्रज पूर्णपणे घेरले गेले. पिछाडी सांभाळणाऱ्या कॅप्टन जेम्स हार्टली यांच्या शिपायांनी निकराने झुंज दिली. आता पुढे हलणे अशक्य आहे, असे कॉकबर्न यांचे मत होते. हार्टली यांचे मत वेगळे होते आणि त्यांनी माघारीची योजनाही मांडली, पण ती स्वीकारली गेली नाही.

तहाच्या बोलण्यांत समितीने सांगून पाहिले की, मुंबई आणि कलकत्त्याच्या मंजुरीवाचून तह करण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यावर, मग कर्नल अप्टन यांनी केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, या आशयाचा बिनतोड प्रश्न मराठ्यांच्या बाजूने विचारला गेला. त्याला समितीकडे उत्तर नव्हते. जानेवारी १७७९ च्या मध्यास वडगावचा करार झाला. साष्टी, ठाणे आणि १७७३ पासून घेतलेला गुजरातेतील मुलूख परत करणे, बंगालहून येणारी फौज माघारी धाडणे आणि दोन इंग्रज अधिकारी ओलीस ठेवणे अशी कलमे त्यात होती.

बंगालची ती फौज कर्नल गॉडर्ड यांच्या नेतृत्वाखाली मध्य भारत ओलांडून येत होती. समितीकडून त्यांच्या हाती परस्परविरोधी पत्रे पडली. त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जाण्याचे ठरविले आणि फेब्रुवारीअखेर सुरत गाठली. मुंबई आणि कलकत्त्याने वडगावचा करार अमान्य केला. कार्नाक, एगर्टन आणि कॉकबर्न या तिघांनाही कंपनीने नोकरीतून काढले. ज्या कौन्सिलने ही समिती नेमली होती, त्या कौन्सिलच्या प्रमुखपदी हॉर्नबी मात्र कायम राहिले.

मराठ्यांची रीत

या विजयाकडे पाहताना मराठ्यांच्या बाजूला हा प्रश्न नव्हताच, असे मात्र म्हणता येणार नाही. शिवकाळापासून किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे समान दर्जाचे अधिकारी नेमण्याची पद्धत होती. किल्ला एकाच्या मर्जीवर राहू नये, हा त्यामागचा हेतू. पेशवाईत मोठ्या सरदारांकडे फडणीस, मुजुमदार, चिटणीस असे दरकदार सरकारातून नेमले जात. हिशेब त्यांच्या सहीवाचून पुरा होत नसे आणि सरदाराला त्यांना परस्पर काढता येत नसे.

फरक एवढाच, की दरकदार हिशेब तपासत. फौज कोणत्या वाटेने न्यावी आणि कधी मागे घ्यावी, हे ते सांगत नसत. वडगावला पुण्याचा कारभार नानांकडे आणि रणांगण महादजी व हरिपंतांकडे अशी वाटणी स्पष्ट होती. ती जोवर टिकली, तोवर यश आले. पुढे नाना आणि महादजी यांच्यात वितुष्ट वाढले. १७९२ मध्ये महादजी पुण्यात आले, तेव्हा उत्तरेकडील मोहिमांचा खर्च आणि हिशेब हाच वादाचा मोठा विषय होता. तिजोरी आणि तलवार यांच्यातील ताण इंग्रजांपुरता मर्यादित नव्हता.

गव्हर्नरला अटक, मग सेनापतीला

मद्रासमध्ये याच काळात वादाने टोक गाठले. ऑगस्ट १७७६ मध्ये कौन्सिलमधील बहुमताच्या गटाने आपल्याच गव्हर्नरला, लॉर्ड पिगट यांना कैद केले. ही अटक कर्नल जेम्स स्टुअर्ट यांनी घडवून आणली. पिगट मे १७७७ मध्ये कैदेतच वारले.

१७८० मध्ये हैदरने कर्नाटकावर स्वारी केल्यानंतर कलकत्त्याहून सर आयर कूट यांना युद्धाचे सर्वाधिकार देऊन मद्रासला धाडण्यात आले. १७८१ च्या जूनमध्ये आलेल्या गव्हर्नर लॉर्ड मॅकार्टनी यांना हे मानवणे कठीण होते. मद्रासचा पैसा खर्च होणार, पण त्यावर मद्रासच्या गव्हर्नरचे नियंत्रण असणार नाही, अशी ही स्थिती होती. कूट यांची तक्रार उलटी होती. तांदूळ आणि बैल नाहीत, म्हणून पोर्टो नोव्होसारखी लढाई जिंकूनही पाठलाग करता येत नाही, असे ते सांगत.

कूट यांच्यानंतर मद्रासच्या फौजेची सूत्रे त्याच स्टुअर्ट यांच्याकडे आली. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर मरण पावला. टिपू त्या वेळी मलबारात होता. म्हैसूरच्या फौजेवर तत्काळ चालून जावे, असा मॅकार्टनी यांचा आग्रह होता. फौज तयार नाही, असे स्टुअर्ट यांचे उत्तर होते. संधी निसटली. १७८३ मध्ये कडलूरच्या मोहिमेनंतर मॅकार्टनी यांनी स्टुअर्ट यांना बडतर्फ केले आणि सप्टेंबरात शिपाई पाठवून अटक करविली. सात वर्षांपूर्वी गव्हर्नरला अटक करणारा अधिकारी आता गव्हर्नरच्या हुकमाने अटकेत होता. दोघांचे वैर इंग्लंडपर्यंत गेले. जून १७८६ मध्ये लंडनजवळ त्यांच्यात पिस्तुलांचे द्वंद्व झाले आणि मॅकार्टनी जखमी झाले. १७८१ च्या युद्धात तोफगोळ्याने पाय गमावलेले स्टुअर्ट त्या वेळी झाडाला टेकून उभे होते.

त्याच वाटेवर कॉर्नवॉलिस

ब्रिटिश संसदेने यातून एक निष्कर्ष काढला. १७८६ च्या कायद्याने गव्हर्नर जनरलला कौन्सिलचे बहुमत डावलण्याचा आणि सरसेनापतिपदही स्वतःकडे घेण्याचा अधिकार मिळाला. लॉर्ड कॉर्नवॉलिस यांनी हिंदुस्थानात येण्यासाठी हीच अट घातली होती.

१७९० मध्ये तिसरे म्हैसूर युद्ध सुरू झाले. पहिल्या वर्षी निर्णायक यश आले नाही, तेव्हा कॉर्नवॉलिस यांनी सूत्रे स्वतः हाती घेतली. फेब्रुवारी-मार्च १७९१ मध्ये त्यांची फौज घाट चढून कोलार आणि होसकोट्यावरून बंगळुरूवर आली. स्मिथ यांना २३ वर्षांपूर्वी ज्या वाटेवर अडून राहावे लागले होते, तीच ही वाट. ७ मार्चला बंगळुरूची पेठ आणि २१ मार्चच्या रात्री किल्ला पडला.

एकवटलेल्या अधिकाराची खरी कसोटी पुढे लागली. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत पोहोचले, पण बैल मेले आणि धान्य संपले. जड तोफा नष्ट करून त्यांना माघार घ्यावी लागली. हुकूम एकाच्या हाती असला, तरी भुकेला तो लागू होत नाही. त्या माघारीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा भेटल्या. त्यांच्याबरोबरच्या बाजारात धान्य होते. भाव चढे असले, तरी इंग्रज फौजेची उपासमार टळली.

मराठ्यांना या वेळी पैशाची निकड होती. कॉर्नवॉलिस यांनी चीनच्या व्यापारासाठी राखून ठेवलेली चांदी वळवून त्यांना १२ लाख रुपयांचे कर्ज दिले. केवळ सेनापती असलेल्या अधिकाऱ्याला हा निर्णय घेता आला नसता आणि केवळ गव्हर्नर असलेल्याला त्याची तातडी इतक्या दुरून उमगली नसती. वंजाऱ्यांच्या तांड्यांकडून धान्याची व्यवस्था करून पुढील वर्षी मोहीम पुन्हा उभी राहिली आणि मार्च १७९२ मध्ये टिपूला तह करावा लागला. १८०३ मध्ये दख्खनेत आर्थर वेलस्ली यांना लष्करी आणि राजकीय असे दोन्ही अधिकार दिले गेले, ते याच धोरणाला धरून. त्याच वर्षी सप्टेंबरात असईची लढाई झाली.

शिपायांनी मोजलेली किंमत

अधिकार एका हाती दिल्याने प्रश्न सुटला नाही, तो पुढे ढकलला गेला. शांततेच्या काळात तो पुन्हा उफाळला. १८०९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर सर जॉर्ज बार्लो आणि सरसेनापती हे मॅकडोवल यांच्यात ठिणगी पडली. सेनापतीला कौन्सिलमध्ये जागा नाकारणे आणि तंबूंच्या पुरवठ्यापोटी अधिकाऱ्यांना मिळणारा भत्ता बंद करणे ही निमित्ते होती. मॅकडोवल राजीनामा देऊन निघाले आणि त्यांचे जहाज समुद्रात बुडाले. मागे मद्रास फौजेतील गोऱ्या अधिकाऱ्यांनी बंड केले. मच्छलीपट्टण, हैदराबाद, जालना आणि श्रीरंगपट्टण ही त्याची केंद्रे होती.

ऑगस्ट १८०९ मध्ये चित्रदुर्गाहून दोन देशी पलटणी आपल्या बंडखोर अधिकाऱ्यांबरोबर श्रीरंगपट्टणकडे निघाल्या. सरकारनिष्ठ घोडदळ आणि म्हैसूरच्या स्वारांनी त्यांच्यावर हल्ला केला. भत्ता शिपायांचा नव्हता आणि भांडणही त्यांचे नव्हते. मरण मात्र त्यांच्या वाट्याला आले. अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांना पुढे माफी मिळाली.

बागलूर असो, वडगाव असो की चित्रदुर्गाची वाट, हाच क्रम दिसतो. निर्णय घेणाऱ्यांचे वाद कागदावर राहतात. त्यांची भरपाई शिपाई, गावे सोडून जाणारे शेतकरी आणि जुंपलेले बैल करतात.

व्हाइसरॉयचा राजीनामा

व्हाइटफील्डची वसाहत या इतिहासाच्या उत्तरार्धातील आहे. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याला परत मिळाले. त्यानंतर महाराजा चामराजेंद्र वडियार यांनी दिलेल्या जमिनीवर १८८२ मध्ये डेव्हिड एमॅन्युएल स्टार्केनबर्ग व्हाइट यांच्या पुढाकाराने अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ही वस्ती स्थापन झाली. राज्य परत दिले, तरी बंगळुरूची छावणी इंग्रजांनी स्वतःकडे ठेवली. तिचे अधिकृत नावच ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’ असे होते. ती १९४७ मध्ये म्हैसूरकडे परत आली.

साम्राज्याच्या शिखरावर मात्र नाव जोडून प्रश्न मिटण्यासारखा नव्हता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये सरसेनापतीखेरीज एक स्वतंत्र ‘लष्करी सभासद’ असे. लष्कराचा खर्च आणि पुरवठा तो पाहत असे आणि सरसेनापतीच्या प्रस्तावांवर स्वतंत्र मत देत असे. सरसेनापती लॉर्ड किचनर यांना ही दुहेरी व्यवस्था नको होती. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या मते, ती मोडणे म्हणजे मुलकी सरकारला स्वतंत्र सल्ल्यापासून वंचित करणे होते. लंडनने किचनर यांच्या बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झन यांनी राजीनामा दिला.

दशकभरात त्या निर्णयाचे मोजमाप झाले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून मेसोपोटेमियाला गेलेल्या फौजेचे अन्न, औषधे आणि वाहतुकीअभावी अतोनात हाल झाले. १९१७ च्या चौकशी आयोगाने लष्करी कारभाराचा सारा भार एकाच पदावर टाकणाऱ्या या व्यवस्थेवर कठोर टीका केली.

स्वतंत्र भारताचे उत्तर

कंपनी आणि ब्रिटिश सरकारने दोन टोकाचे उपाय वापरून पाहिले. होसकोटे आणि वडगावला अधिकार विभागले, पण जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. कॉर्नवॉलिस आणि किचनर यांच्या काळात अधिकार एकवटले, पण त्यावर लक्ष ठेवणारे कोणी उरले नाही. भारताने स्वीकारलेला मार्ग या दोहोंपेक्षा वेगळा आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३ नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि ते कायद्याने नियमित होते. युद्धाचे उद्दिष्ट लोकनियुक्त मंत्रिमंडळ ठरविते आणि पैसा संसद मंजूर करते. सरसेनापती हे पद १९४७ मध्ये तिन्ही दलांत विभागले गेले आणि १९५५ च्या कायद्याने ‘कमांडर इन चीफ’ हे नाव जाऊन ‘चीफ ऑफ स्टाफ’ हे पदनाम आले. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत यांनी पहिले संरक्षण दलप्रमुख म्हणून सूत्रे स्वीकारली आणि संरक्षण मंत्रालयात लष्करी व्यवहार विभाग निर्माण झाला. मुलकी नियंत्रण आणि लष्करी सल्ला यांची सांगड कशी घालावी, याचा शोध त्यामुळे संपलेला नाही, तो आता नियमांच्या चौकटीत चालतो.

या चौकटीचे महत्त्व होसकोट्याच्या मोहिमेत दिसते. मुराररावांचे स्वार त्या रात्री अंधारात आपापल्या घोड्यापाशी ठाम उभे राहिले, कारण हुकूम एक होता आणि तो देणारा छावणीत हजर होता. त्याच मोहिमेत इंग्रज सेनापतीला पुढे जावे की थांबावे, हे अखेरपर्यंत दुसऱ्या कोणाला विचारावे लागले. मुलकी सत्तेने युद्धाचा हेतू ठरवावा, हे योग्यच. मात्र तो हेतू साध्य करण्याची साधने देण्याची आणि परिणामांचे उत्तर देण्याचीही जबाबदारी तिच्यावर येते. मद्रास आणि मुंबईच्या कौन्सिलांनी ही दुसरी जबाबदारी घेतली नाही.